तेल कोणी पाहिलें?

आमच्या परभणीच्या घरांत चार संसार, एक चूल, एक देवघर आणि एक मोटार आहे. पैकीं चुलीची चिंता वहिनी वाहतात, देवघराची काकू वाहतात आणि चारहि संसारांची चिंता परमेश्वर वाहतो, अशी आमची समजूत आहे. मोटारीची चिंता मात्र कोण वाहतो, हा प्रश्न २०१८ सालच्या डिसेंबरांतील एका रात्रीपर्यंत आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत उद्भवला नव्हता. त्या रात्रीं तो उद्भवला, आणि असा उद्भवला कीं त्यापायीं तीन पिढ्यांचें एकत्र घर मोडण्याची वेळ आली. ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें कारण इतकेंच कीं, आजकाल पुष्कळ सुशिक्षित घरांच्या दारांत मोटार उभी असते, आणि तिच्या तेलाविषयीं त्या घरांत आमच्याइतकेंच अज्ञान नांदत असावें असा आम्हांस संशय आहे.

येथें आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणत आहों, तें केवळ लेखकांच्या जुन्या रूढीस अनुसरून नव्हे. जी चूक सांगावयाची आहे ती एकट्याची नव्हती. आणि तिचें मूळहि याच शब्दांत होतें, असें आम्हांस पुढें कळून आलें.

आमचे आजोबा निजामाच्या राजवटींत येथें वकिली करीत. त्या काळीं घरीं दमणी होती. परभणीची जमीन काळी, रेगड. पावसाळ्यांत चाक रुतलें कीं बैलांच्या डोळ्यांत पाणी उभें राही. गाडीवान दमणी जुंपण्यापूर्वीं चाकाच्या आंसास वंगण घाली. हें वंगण म्हणजे एरंडेलांत राख खलून केलेला काळा लगदा. तो भरलेली नळी गाडीच्या खालीं टांगलेली असे. हें काम गाडीवानाचें होतें व तो एकच होता. तो विसरला तर चाकच किंचाळून साऱ्या गल्लीस त्याची चहाडी सांगे. मोटारीच्या चाकांस आणि इंजिनास ही चहाडी करण्याची संवय नाहीं, आणि आमच्या मतें सुधारणेनें आपलें केलेलें हें एक मोठेंच नुकसान आहे.

पुढें १९८१ सालीं आमच्या वडिलांनीं एका डॉक्टरांची वापरलेली प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. दर शनिवारीं मारुतीस तेल वाहून आले म्हणजे ते मोटारीचें झांकण उघडून तिचें तेल पाहात. आधीं देवाचें तेल, मग यंत्राचें. या क्रमांत कधीं खंड पडला नाहीं. मात्र तें पाहतांना ते आम्हां भावंडांपैकीं कोणास जवळ फिरकूं देत नसत. एवढाच काय तो त्यांच्या शिस्तींतील दोष. परंतु त्याचें फळ आम्हांस त्यांच्या पश्चात् मिळालें. २००९ सालीं वडील निवर्तले. २०११ सालीं आम्हीं तिघां भावांनीं मिळून नवी डिझेलची मोटार घेतली. वडिलांची मोटार विकतांना तिच्याबरोबर त्यांची शनिवारची शिस्तहि आपण विकून टाकीत आहों, हें त्या वेळीं कोणाच्याहि ध्यानीं आलें नाहीं.

ही नवी मोटार घरांतील सर्वांची होती. दादा तींतून जिंतूरच्या व सेलूच्या कोर्टांत जात. धाकटे बंधु बँकेच्या कामासाठीं गंगाखेड, पालम या बाजूस तिला पिटाळीत. आम्ही स्वतः पूर्णेकांठच्या शेतावर जाण्यास तिचा उपयोग करीत असूं. आणि दादांचा चिरंजीव ती कोणत्या कामासाठीं नेतो, हें विचारण्याची पद्धत आमच्या घरीं नव्हती. डिझेल प्रत्येक जण भरी, कारण तें न भरल्यास गाडी ज्याच्या हातीं असेल त्याचीच फजिती होत असे. तेलाचें तसें नव्हतें. तें आज न पाहिल्यास आज कांहीं होत नाहीं; उद्यां होतें, आणि तेंहि दुसऱ्याच्या हातीं. मनुष्यस्वभाव असा कीं, ज्या कर्तव्याचा दंड दुसऱ्यास भरावा लागतो तें कर्तव्य त्यास सहज विसरतां येतें.

इशारा आम्हांस मिळाला नव्हता असें मात्र नाहीं. आमची धाकटी भावजय रोज पहाटे अंगण धुवून रांगोळी घालते. दिवाळीच्या सुमारास ती एकदां म्हणाली, "गाडीखालच्या फरशीवर रोज रुपयाएवढा काळा डाग पडतो. साबणानं घांसला तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां आहेच." यावर घरांतील तिन्ही कर्त्या पुरुषांनीं विचार करून असा निर्णय दिला कीं, गाडीखालीं पुठ्ठा घालावा. पुठ्ठा घातला गेला. डाग पुठ्ठ्यावर पडूं लागला, रांगोळी स्वच्छ राहिली, आणि प्रश्न सुटला असें समजून आम्ही आपापल्या उद्योगास लागलों.

डिसेंबरच्या त्या रात्रीं थंडी कडाक्याची होती. परभणीचा उन्हाळा सर्वांस माहीत आहे. परंतु येथील हिवाळाहि कांहीं वर्षीं असा पडतो कीं पारा पांच अंशांच्या खालीं उतरतो आणि कोनाड्यांतलें खोबरेल दगडासारखें थिजून बसतें. रात्रीं दहाच्या सुमारास काकांच्या छातींत कळ आली. डॉक्टर आले, त्यांनीं तपासलें, आणि वेळ न घालवितां नांदेडास हलवावें असें सांगितलें. दादांचा चिरंजीव गाडी चालवावयास बसला; त्याच्या शेजारीं आम्ही; मागें काका, आणि त्यांचें डोकें मांडीवर घेऊन काकू.

गांव मागें पडलें. थोड्या वेळानें मागून काकूंचा आवाज आला, "अरे, तें पुढें तांबडं तांबडं काय दिसतंय? समईंत तेल घालायच्या झारीसारखं?"

चालविणाऱ्याच्या समोरील तबकडींत खरोखरच एक तांबडें चित्र लागलें होतें. लांब चोंचीची झारी, आणि चोंचीशीं एक थेंब. चिरंजीव म्हणाले, "कांहीं नाहीं काकूआजी, वळणावर लागतो तो दिवा अधूनमधून. आपोआप जातो." आम्हांसहि त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, परंतु तसें कबूल करण्याऐवजीं आम्हीं मान डोलाविली. काकू पुन्हां एकदां म्हणाल्या, "झारी दाखवतेय म्हणजे तेल मागत असेल." त्यांच्या या बोलण्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें चारपांच मैल गेलों असूं नसूं, तोंच इंजिनांतून घण मारल्यासारखे आवाज येऊं लागले. एक मोठा कर्कश आवाज झाला, आणि गाडी थांबली ती थांबलीच. झीरो फाटा अजून थोडा पुढें होता. रस्त्यावर काळोख, दुतर्फा कापसाचीं ओसाड रानें, आणि मागच्या बाजूस काकांचा जड श्वास.

ती पंधरा मिनिटें आम्ही आयुष्यांत विसरणार नाहीं. दोन गाड्या न थांबतां निघून गेल्या. तिसरा आला तो एक मालवाहू टेंपो. त्याच्या चालकानें कांहींहि न विचारतां रिकाम्या पोत्यांची बिछायत केली, काकांस उचलून वर घेतलें, आणि नांदेडच्या रुग्णालयाच्या दाराशीं नेऊन सोडलें. भाड्याचे पैसे पुढें केले तेव्हां त्यानें हात मागें घेतला. काका वांचले. उशीर आणखी अर्ध्या तासाचा झाला असता तर काय झालें असतें, असें आम्हीं तेथील डॉक्टरांस विचारलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, आणि तेंच उत्तर आम्हांस पुरेसें झालें.

मोटार दोरखंडानें ओढून परभणीस आणली. मिस्त्रींनीं इंजिन उघडून आम्हां तिघांस बोलाविलें आणि एक पोलादी दांडा व त्यावरील घासून निळ्या पडलेल्या वाट्या दाखविल्या. म्हणाले, "साहेब, यांत चार लिटर तेल पाहिजे, निघालं लिटरभर, तेंही डांबरासारखं." खालचा पेंच सैल होऊन तेथून थेंबथेंब तेल गळत होतें, पुठ्ठ्यावरील डाग तो हाच. शिवाय दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां तेल बदलावें असें गाडीच्या पुस्तिकेंत स्पष्ट छापलें असतां सतरा हजार किलोमीटर उलटून गेले होते. दोन हजार रुपयांच्या आंत होणारें काम न केल्यामुळें आतां ऐंशी हजारांचा खर्च उभा राहिला.

काका घरीं आल्यावर एका संध्याकाळीं ओटीवर बैठक बसली. तेल कोणी पाहावयाचें होतें, हा विषय. दादा म्हणाले, "आम्ही पाहतों कीं नेहमी." धाकटे बंधु म्हणाले, "आम्हीसुद्धां पाहतों." आमच्या तोंडूनहि तेंच वाक्य निघालें. ‘आम्ही पाहतों’ हें तिघेहि प्रामाणिकपणें म्हणत होते. कारण तिघांसहि आपल्यावांचून इतर दोघे पाहात असतील अशी खात्री होती. हळूहळू शब्दास शब्द लागला. कोणी किती किलोमीटर गाडी पळविली याचा हिशेब निघाला, आणि त्या हिशेबाच्या पाठोपाठ गेल्या वीस वर्षांचे दुसरेहि हिशेब निघाले. शेवटीं धाकटे बंधु म्हणाले, "यापुढें ज्याची त्याची गाडी वेगळी असावी, हें बरं." त्यावर दादा शांतपणें म्हणाले, "गाडी वेगळी म्हणजे मग सगळंच वेगळं करूं या." माजघरांतील भांड्यांचा आवाज एकदम थांबला. एकत्र घरें मोडतात तीं मोठ्या कारणांनीं मोडतात असें बाहेरच्यांस वाटतें. खरें पाहतां तीं अशाच एखाद्या तेलाच्या थेंबावरून घसरतात.

त्या वेळीं काकू देवघरांतून बाहेर आल्या. त्यांच्या हातीं तेलाची झारी होती.

"मी एक विचारूं?" त्या म्हणाल्या. "आपल्या घरीं नंदादीप असतो, असं तुम्ही सगळे पाव्हण्यांना अभिमानानं सांगतां. तो असतो म्हणजे काय? मी रोज दोन वेळां तेल घालतें, म्हणून असतो. तुमच्या आईनं मला हें काम दिलं तेव्हां सांगितलं होतं, कीं हें सगळ्यांचं नाहीं, तुझं आहे. आजारी पडलीस तर दुसरीला सांगून मग नीज." क्षणभर थांबून त्या पुढें म्हणाल्या, "गाडीच्या तेलाचं काम मला द्या. मला चालवतां येत नाहीं, पण तेल किती आहे तें पाहतां येतं."

कोणी तरी म्हणालें, "काकू, हात काळे होतील." त्यांनीं उत्तर दिलें, "तव्याचं काळं काय गोरं असतं?"

दुसऱ्या दिवशीं वांटणीची गोष्ट कोणीं काढली नाहीं. इंजिन दुरुस्त होऊन आलें तेव्हां काकूंनीं मिस्त्रींस घरीं बोलावून, चहा देऊन, सर्व समजून घेतलें. आणि त्यांच्या मागें उभें राहून आम्हीं तिघांनींहि प्रथमच समजून घेतलें. तें येथें थोडक्यांत सांगतों.

इंजिनांतील फिरता दांडा व त्याच्या वाट्या या खरोखर एकमेकांस स्पर्श करीत नाहींत. त्यांच्यामध्यें तेलाचा एक पडदा असतो, मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांइतका पातळ. आणि त्या पडद्यावर तो दांडा तरंगत फिरतो. खालच्या कुंडांतील तेल पंप वर ढकलतो म्हणून तो पडदा टिकतो. कुंडांतील तेल फार उतरलें कीं पंपास तेलाऐवजीं हवा मिळते, दाब पडतो, आणि तबकडींत ती तांबडी झारी दिसूं लागते. वळणावर तेल एका बाजूस जातें म्हणून ती आधीं वळणावर दिसते, एवढेंच. ती दिसली असतां पुढील गांवापर्यंत जाऊं असें म्हणूं नये. गाडी तेथेंच बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. याखेरीज तेल हें आंतील उष्णता वाहून नेतें, काजळी व लोखंडाचा कीस स्वतःमध्यें सामावून घेतें, आणि गंज येऊं देत नाहीं. म्हणूनच तें काळें पडतें. डिझेलच्या गाडींत तर नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें, त्यास भिण्याचें कारण नाहीं. घराची केरसुणी मळली म्हणून ती वाईट ठरत नाहीं, परंतु ती कधींच बदलावयाची नाहीं असेंहि नव्हे.

आतां तेल निवडावें कोणतें? येथें दादांचा आग्रह असा कीं, परभणीच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यास पातळ तेल कसें पुरेल. घेतांना जाड तेलच घ्यावें. पुष्कळ अनुभवी गृहस्थहि असेंच म्हणतात. परंतु चालत्या इंजिनांतील तेल बाराहि महिने शंभर अंशांच्या आसपास तापलेलें असतें. बाहेर वैशाख असो वा पौष, त्यास फारसा फरक कळत नाहीं. फरक कळतो तो पहाटे गाडी सुरू करतांना. थिजल्यासारखें तेल वरपर्यंत चढावयास वेळ लागतो, आणि इंजिनाची पुष्कळशी झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें, जिचीं आद्याक्षरें एसएई अशीं आहेत, १९११ सालीं तेलांची प्रतवारी प्रथम ठरविली. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ असे आंकडे त्याच प्रतवारींतील आहेत. ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याचें. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत अधिक वाहतें. नंतरचा आंकडा शंभर अंशांवरील दाटपणा सांगतो. काकूंनीं हें सर्व ऐकून एका वाक्यांत सांगितलें, "म्हणजे पहाटे खोबरेलासारखं थिजूं नये आणि दुपारीं ताकासारखं पाणी होऊं नये." याहून उत्तम व्याख्या आम्हीं कोठें वाचली नाहीं.

डब्यावर दुसरीहि एक खूण असते, एपीआय या संस्थेची. तींत ‘एस’ने आरंभ होणारी जोडी पेट्रोलच्या इंजिनासाठीं, आणि ‘सी’ने आरंभ होणारी डिझेलसाठीं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर ज्या डिझेल मोटारी निघाल्या, त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी असते. तींस कमी राख सोडणारें तेल लागतें, नाहीं तर गाळणी तुंबते. साधें खनिज तेल स्वस्त. सिंथेटिक तेल महाग, परंतु थंडींत लौकर वाहणारें व उष्णतेंत अधिक टिकणारें. या सर्वांवर तोडगा एकच: गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते, आणि जी बहुतेक घरांत न उघडतां विम्याच्या कागदांखालीं दडपलेली असते, तींत सांगितलेला दाटपणा व सांगितलेली खूण पाहून तेंच तेल घ्यावें. पुस्तिकेंत नसलेलें महागडें तेल घेणें हें पथ्यावांचून घेतलेल्या मात्रेसारखेंच आहे. डबा सीलबंद पाहून, पावती घेऊन आणावा; आणि रिकामा झाल्यावर भोंक पाडून मगच टाकावा, कारण अशा डब्यांत भलतेंच तेल भरून विकणारे लोक असतात. निघालेलें जुनें तेल गटारांत अथवा शेतांत ओतूं नये. तें कायद्यानेंहि घातक कचऱ्यांत मोडतें, आणि थोडेंसें तेल पुष्कळ पाणी नासवितें. आमच्याकडे तें आतां मिस्त्रींच्या पिंपांतच जातें.

काकूंस या सर्व माहितींत एका गोष्टीचें फार नवल वाटलें. लंडनच्या वेकफील्ड यांनीं १८९९ सालीं काढलेल्या कंपनीनें पुढें १९०९ सालीं इंजिनाच्या तेलांत एरंडेल मिसळलें, आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच त्या तेलास ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव मिळालें. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं इंजिनेंहि एरंडेलावर चालत, आणि तें उडून वैमानिकाच्या तोंडांत गेलें म्हणजे त्याचा दुसरा सुप्रसिद्ध गुण त्यास येई. "म्हणजे आपल्या दमणीच्या नळींतलंच कीं!" असें म्हणून काकू पुष्कळ वेळ हंसत होत्या. त्या रात्रीनंतर त्या मोकळेपणानें हंसल्या त्या प्रथमच.

त्यांनीं एक शाळेची वही आणविली व तींत चार रकाने आंखले: तिथि, किलोमीटर, तेल, आणि नांव. दिवस निवडला एकादशीचा, कारण त्या दिवशीं स्वयंपाकघरास थोडी फुरसत असते. आणि पंधरवड्यास एकदां तेल पाहणें हें कोणत्याहि घरच्या मोटारीस पुरेसें आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचें झांकण सकाळीं कोणी तरी उघडून द्यावें. जमीन सपाट असावी. दांडी काढून काकांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालावी आणि काढून पाहावी. दांडीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्यामध्यें हवें. खालच्या खुणेखालीं उपयोगी नाहीं, आणि वरच्या खुणेच्या वरहि उपयोगी नाहीं. जास्त तेल फिरत्या दांड्यानें घुसळलें जाऊन त्याचा फेस होतो. तेल पाहतांना पाण्याची टांकीहि पाहावी आणि चाकांची हवा तपासावी. नंतर वहींत लिहावें. वहींतील चौथ्या रकान्याविषयीं काकूंचा नियम कडक होता. त्यांत ‘पाहिलें’ असें लिहिलेलें त्यांस चालत नसे. ज्यानें पाहिलें त्यानें आपलें नांव लिहावयाचें. त्या स्वतः पाहात तेव्हां स्वतःचें लिहीत.

२०२१ सालच्या पावसाळ्यांत एका एकादशीस काकूंनीं फडकें नाकाशीं नेलें, उजेडांत धरलें आणि आम्हांस हांक मारली. "हें बघ, चहांत दूध पडावं तसं दिसतंय. मागच्या दोन वेळांला पाण्याची टांकीही थोडी थोडी उतरली आहे; वहींत आहे." गाडी उत्तम चालत होती, कसलाहि आवाज नव्हता, झारीहि लागली नव्हती. आम्हांस शंका आली कीं काकूंचे डोळे थकले असावेत. तथापि एकदां त्यांचें न ऐकण्याचें मोल आम्हीं दिलें होतें. म्हणून गाडी तशीच मिस्त्रींकडे पाठविली. इंजिन थंड ठेवणारें पाणी आंतल्या आंत तेलांत झिरपत होतें. काम थोडक्यांत भागलें. मिस्त्री म्हणाले, "आणखी महिनाभर चालवली असती तर पुन्हां इंजिनच गेलं असतं. कोणी ओळखलं?" आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच चिरंजीवांनीं सांगितलें, "काकूआजीनं." मिस्त्रींस तें खरें वाटलें कीं नाहीं, कोण जाणे.

त्या दिवशीं आम्हांस आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. फरशीवरील डाग घरांत सर्वांत आधीं पाहिला होता तो धाकट्या भावजयीनें. तांबडी झारी ओळखली होती ती काकूंनीं. दोघींनींहि सांगितलें होतें, आणि दोघींचें सांगणें आम्हीं पुठ्ठा घालून झांकलें होतें. यंत्राचें ज्ञान म्हणजे तें चालवितां येणें, अशी आमची समजूत होती. परंतु एखादी वस्तु रोज निरखून पाहणें हेंहि ज्ञानच आहे. आणि तें आमच्या घरांतील स्त्रियांपाशीं पिढ्यान् पिढ्या होतें. दूध उतूं जाण्यापूर्वींचा क्षण, लोणच्यावरचें तेल उतरल्याची खूण, मुलाच्या अंगांतली कणकण, हें सारें ज्यांच्या नजरेस आधीं पडतें, त्यांस दांडीवरील दोन खुणा वाचावयास कितीसा अवकाश? धाकट्या भावजयीची क्षमा आम्हीं तिघांनींहि मागितली. ती म्हणाली, "पुठ्ठे मात्र पुष्कळ सांठलेत, रद्दींत घालूं का?"

धाकट्या बंधूंनीं वेगळी मोटार घेतली नाहीं. आतां ती घ्यावयाची झाली तरी भांडून घेतली जाणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. एकत्र कुटुंब टिकावें कीं न टिकावें, यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमच्याजवळ त्यांत भर घालण्यासारखें एवढेंच आहे कीं, जी वस्तु सर्वांची, तिचें एकेक काम कोणा तरी एकाचें असावें, आणि तें कोणाचें आहे हें घरांतील लहान मुलासहि ठाऊक असावें.

गेल्या हिवाळ्यापासून काकूंच्या गुडघ्यांनीं संप पुकारला आहे. अंगणांत उतरणें त्यांच्यानें होत नाहीं. नंदादीपाची झारी त्यांनीं विधिपूर्वक धाकट्या भावजयीच्या हातीं दिली. मोटारीची वही मात्र अजून त्यांच्या उशाशींच आहे. एकादशीस सकाळीं काका ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. दादांचा चिरंजीव झांकण उघडतो, दांडी पुसतो, पुन्हां बुडवितो, आणि तेलाचा डाग पडलेलें धोतराचें फडकें घेऊन काकूंच्या खोलींत जातो. त्या चष्मा लावून तें उजेडाकडे धरतात, वास घेतात, आणि वही उघडून त्याच्यापुढें करतात.

"कोणी पाहिलं?" त्या विचारतात.

"मी," तो म्हणतो, आणि सही करतो.